सखूमावशींचं गोडं पाणी

मित्रहो, आज दुपारी आमच्या प्रयोगशाळेतलं लाल शैवाल मेलं.

हे सूक्ष्म शैवाल समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट घेतं आणि स्वतःभोवतीच्या बुळबुळीत आवरणातल्या साखरेला जोडतं. ते कसं, एवढंच मी वर्षभर शोधत होतो.

झाडलोट करणाऱ्या सखूमावशींनी आज शैवालाच्या बरणीतलं वरचं खारं पाणी ओतून दिलं आणि गोडं भरलं. या दुष्काळात भिंगारला टँकरपाशी ताटकळून मिळवलेलं, स्वतःच्या हंड्यातलं.

"चाखून बघितलं सर, लई खारट हुतं. मुक्या जिवाला कसं पाजायचं? आता जगंल न्हवं?"

गोड्या पाण्यानं फुगून फुटलेल्या पेशी मी नुकत्याच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. तरी "व्हय" म्हणालो.

मावशी हसत घरी गेल्या. उद्या त्या पुन्हा पाणी आणतील. तुम्ही काय सांगितलं असतं?