मशीनला उलटं विचारता येत नाही

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर शेंगा फोडल्या. मी फोडत होतो, ती वाचत होती. बायको नगरच्या कॉलेजात कायदा शिकवायची. माणसाचे हक्क, न्याय कशाला म्हणायचं, असलं. रिटायर होऊन गावी आलो तरी तिचं सुटलं नव्हतं. मशीनने माणसाचा निवाडा करावा का, यावर आता लिहायची, बोलवतील तिथं बोलायची. मी चौथी नापास गवंडी. पण प्रत्येक भाषण आधी मला वाचून दाखवायची. कळलं नाही की मी तिच्या अंगावर टरफल फेकायचं, हा आमच्या घरचा कायदा.

त्या दिवशी तिच्या मांडीवर टरफलांचा ढीग झाला.

"अहो, एवढंही कळंना? साक्षीदाराला उलटं विचारता येतं. मशीनला येत नाही. मग तिच्या शब्दावर माणसाला शिक्षा कशी द्यायची?"

"हे आदीच असं बोलायचं ना, मॅडम!"

तेवढ्यात चौकातून आरडाओरडा आला. पंचायतीने गावभर बसवलेल्या, तोंड ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने विहिरीवरची मोटार चोरणारा म्हणून एका मजुराचं नाव दिलं होतं. त्याला खांबाला बांधून काठ्यांनी हाणत होते. दात मातीत पडलेले. ही सरळ मधे घुसली, मी मागोमाग.

"आधी त्याला बोलू द्या!"

कुणाची तरी काठी तिच्या डोक्यात बसली. गर्दीत मला मारणारा हात दिसला नाही, नुसता आवाज ऐकला. श्रीरामपूरच्या दवाखान्यात पोचायच्या आत माझ्या मांडीवरच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या कोयता घेऊन आला. "तात्या, त्याच कॅमेऱ्यानं मारणाऱ्याचं नाव दिलंय. चला."

गेलो. खोटं कशाला सांगू, मला त्याचे तुकडेच करायचे होते. दार लाथेनं मोडलं, मानगूट धरून त्याला अंगणात आपटला. नाक फुटलं. त्याची बायको माझ्या पायाला मिठी मारून रडत होती. पुतण्यानं कोयता उचलला.

मी पात्यालाच हात घातला. तळवा चिरत गेला.

"आदी त्याला बोलू दे."

"तात्या, कॅमेरा खोटं बोलतो व्हय?"

"कॅमेऱ्याला कुठं उलटं इचारता येतंय, भाड्या?"

कोयता हिसकून मी गटारात फेकला. त्या माणसाच्या बायकोला पोलिसांना फोन लावायला सांगितलं. मग रक्ताचा हात धोतरात दाबून त्याच्यासमोर मातीत बसलो.

"मारलंस का तिला? बोल. मी ऐकतोय."