तात्यांनी फोनवर दिलेलं उत्तर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही आमच्या ऑफिसातले नाही, म्हणून असेल. तरी धाकधूक आहेच. तुम्ही हे कुठं बोलणार तर नाही ना?

मी इंदापूरकडच्या एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. तिथल्या मशीनमध्ये पासवर्डनं शिरता येत नाही. आपलं नाव टाकलं की ती स्क्रीनवर एक आकडा दाखवते. आम्हाला प्रत्येकाला कॅल्क्युलेटरएवढं यंत्र दिलंय. त्यात आपला पिन आणि तो आकडा दाबला की उत्तर येतं. ते टाइप केलं की मशीनला पटतं — माणूस तोच. दर वेळी आकडा नवा, उत्तर नवं. चोरणारा चोरणार काय, कपाळ!

पण आमच्यात एक रीत पडली होती. कुणाचं यंत्र बिघडलं, की बाहेर लाइनच्या कामावर गेलेल्याला फोन करायचा, त्याचं नाव टाकून आलेला आकडा वाचून दाखवायचा, आणि त्यानं आपल्या यंत्रातून उत्तर काढून द्यायचं. नियमात बसत नव्हतं. करायचे सगळेच.

शंकरतात्या आमच्यात सगळ्यात जुने, सांगवीचे. मशीनचा चार्ज त्यांच्याकडे. मला कामही त्यांनीच शिकवलेलं. आणि मला ते — आता लपवून काय करू — डोळ्यांसमोर नको असायचे. साहेबांच्या केबिनमधून बाहेर आले की माझ्याकडं बघून हसायचे. का हसायचे? माझ्या चुका सांगून येत असणार, दुसरं काय!

एकदा ते केबल जोडायला बावड्याला गेले. मी फोन लावला — माझ्या मोबाइलवरून नाही, ऑफिसात सगळे वापरतात त्यावरून. मी म्हणाले, माझं यंत्र बंद पडलंय. बंद कसलं, चांगलं चालू होतं, माझ्या पर्समध्ये. 'सांग पोरी आकडा,' तात्या म्हणाले, आणि उत्तर दिलं.

त्यांच्या नावानं मी आत शिरले. त्यांच्या कामाच्या नोंदी चाळल्या. माझ्या चुका होत्या तिथं — एकूण एक त्यांनी गुपचूप दुरुस्त केलेल्या. लाज वाटायला हवी होती की नाही? मला वाटलं, म्हातारा पुरावा जमवतोय! त्या नोंदी पुसायला गेले आणि घाईत बावड्याच्या सगळ्या लाइनींची यादीच पुसली. दवाखाना, शाळा, डेअरी — एक फोन लागेना. शेवटी तात्यांनीच येऊन दुपारपर्यंत यादी परत भरली.

मशीनमध्ये नाव त्यांचं. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि तात्यांना विचारलं — तुम्ही तर बावड्यात होता, मग उत्तर कुणाला दिलंत? तात्या म्हणाले, 'दिलं म्या, चूक माजी हाय. नाव इचारू नका.' मग साहेब माझ्याकडं वळले. मी म्हणाले, मला काय माहीत?

तात्यांचं यंत्र काढून घेतलं. निवृत्त होईपर्यंत त्यांना केबलच्या खड्ड्यांवर उभं केलं, भर उन्हात. चार्ज मला मिळाला. त्यांना अजून वाटतं, माझं यंत्र खरंच बंद होतं आणि कामात हात चुकला. मी मात्र वर्षानुवर्षं वाट बघत राहिले — याच्या बदल्यात ते काय मागणार? काहीच मागितलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. घरची लाइन खरखरतीय, बघशील का? मग माझ्या मुलांची चौकशी केली. आवाज पार थकलेला. सांगून टाकावं, असं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मनात आलं — हे रेकॉर्ड तर करत नसतील?

उद्या माणूस पाठवते म्हणाले, आणि फोन ठेवला.