कोरड्या हॉलमधली नदी

लेकीने गेम खेळायला आणलेला, डोळे पूर्ण झाकणारा व्हीआर हेडसेट पाहून मी निकाल देऊन टाकला, "हे खूळ आपल्यासारख्यांच्या घरात रुळायला अजून वेळ आहे." वजनाला जड, डोकं गरगरतं, आणि आमच्या हिच्या अंबाड्यावर तर पट्टाच बसेना.

शेवटी हिने अंबाडा सोडला आणि हेडसेट चढवला. गेममध्ये नदी लागली असावी, कारण हिने हॉलच्या मधोमध साडी घोट्यांच्या वर उचलली आणि कोरड्या फरशीवर जपून पाऊल टाकलं. नव्या जगात शिरतानाही माणूस आपल्या सवयी बरोबर नेतो, हे बघून फार बरं वाटलं.

"अहो, पाय वर घ्या, पाणी चढतंय!" ती ओरडली.

सोफ्यावर बसल्या बसल्या मी मुकाट्याने पाय वर घेतले.