चकाकीवर भाळलेला लेव्हर्न

लेव्हर्न स्टकीइतका आढ्यताखोर माणूस आमच्या आयडाहोत दुसरा नसेल. बंदुकांच्या बाजारात त्याने पुन्हा भरण्यासाठी लष्कराच्या वापरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या निवडल्या, त्याही नुसती चकाकी बघून. घरी काडतुसं भरण्यात हयात घालवलेल्या ओडेलाबाईंनी एका पुंगळीत वाकडी तार घालून बुडाजवळ चाचपलं.

“आत खाच लागतेय रे. मशीनगनमधून उडालेल्या दिसतात, ताणल्या गेल्यात; पुन्हा भरून उडवल्यास तर तिथेच तुटतील. घेऊ नकोस.”

“बाई, तुम्ही आपली लोणची घाला!” तो खिदळला.

त्याच पुंगळ्या भरून तो शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर आला आणि तिसऱ्याच बाराला पुंगळी तुटली. बूड बाहेर आलं, उरलेला तुकडा रायफलीतच अडकला. तो काढायचं अवजार ओडेलाबाईंनीच दिलं. आभार राहिले बाजूला, हा म्हणतो कसा, “रायफलच भिकार निघाली!”

असल्याची कीवसुद्धा येत नाही.