झोळीतलं वजन

अशा सदरांत भुतं पाहिल्याचं लिहून पाठवणाऱ्यांची मला कीव येते... खरं तर किळसच. तरी आज मीच लिहितेय. हसा खुशाल.

ऐंशी सालच्या सुमारास मी भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान रुग्णालयात ज्युनिअर डॉक्टर होते. करडी गावची तीन वर्षांची सुशी यकृताच्या आजाराने दाखल होती. यकृत दगडासारखं कडक, पोट पाण्याने टम्म, दंड मात्र काडीसारखे. आमचे मोठे डॉक्टर — कडक इस्त्री, अत्तर आणि अफाट आत्मविश्वास — फक्त वजन बघायचे.

"वेट वाढलंय. तब्येत सुधारतेय. डिस्चार्ज!"

"सर, ते पोटातलं पाणी आहे. दंडाचा घेर बघा, कमी होतोय. चिमटीत नुसती कातडी येते."

"तुम्ही शिकवणार मला?"

पाण्याला बाळसं म्हणणारा हा माणूस, आणि म्हणे बालरोगतज्ज्ञ!

डिस्चार्जच्या दिवशी, भर दुपारी, त्यांनी स्वतः सुशीला वर टांगलेल्या स्प्रिंगच्या काट्याच्या झोळीत बसवून तोललं. खूश झाले. तिच्या आईने, पार्वताबाईने, तिला उचलून कडेवर घेतलं... काटा हललाच नाही. स्प्रिंग अडकली म्हणाल — मलाही तेच वाटलं. पण रिकामी झोळी खाली ताणलेली होती, आत कुणी बसल्यासारखी. सरांनी चिडून झोळीला खालून हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"गरम आहे..."

पार्वताबाई शांतपणे म्हणाली, "मोठा पोरगा हाय माहा. त्यालेबी हेच दुखणं होतं. वजन वाढलं म्हून तुमीच घरी धाडलं ना जी त्याले? घरी पोचला अन् गेला. आता इलेबी धाडून राहिले?"

सुशीला माझ्याकडे देऊन ती झोळीशी गेली. दोन्ही हात आत घालून काहीतरी उचललं, कडेवर घेतलं.

"चाल बापू."

काटा शून्यावर आला.

सरांनी डिस्चार्ज कार्ड फाडलं, सुशीला नागपूरला पाठवलं. संध्याकाळपर्यंत रुबाब परत! "काटा खराब होता." मी काटा तपासला. चोख होता.

सुशी वाचली नाही. तो आजार तेव्हा सोडत नसे. पण नागपूरला पाणी उतरलं, दंड जरा भरले, आणि पुढची दिवाळी तिने आईच्या मांडीवर मागून मागून भात खात घालवली.

झोळीत कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. सर निवृत्त होईपर्यंत "काटा खराब होता" म्हणत राहिले. मग आता प्रत्येक पोराचा दंड मोजल्याशिवाय डिस्चार्जवर सही का करत नाही, असं विचारलं की मात्र त्यांना ऐकू येत नसे.