शिक्सर मारतंय ते मैदान

आमच्या दाजींइतका अस्वस्थ माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि क्रिकेटच्या मैदानापायी अस्वस्थ झालेला तर सबंध मराठवाड्यात नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. ताडकळसच्या बाजूला त्यांची शेती. त्यांचं ठाम मत होतं, "शिक्सर बॅट मारत न्हाई, मैदान मारतंय." गावच्या मैदानाची शाळेकडची बाजू आखूड, बाभळींकडची लांब, आणि दुपारनंतर वारा सुटायचा तो बाभळींकडून. त्यामुळं शाळेच्या पत्र्यावर चेंडू धाडकन पडला, की दाजी मारणाऱ्याला सोडून वाऱ्याला शाबासकी द्यायचे. कुठंही गेले तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. माझ्या साखरपुड्यात मोठी माणसं मुहूर्ताचं बोलत होती, तेव्हा हे मधूनच उठले, बोट ओलं करून वर धरलं आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पाव्हणे, तुमच्या अंगणात लेगची बाजू लय जवळ हाय. वारा बी तिकडंच जायलाय. हितं कुणीबी मारंल!" त्या दिवशी नेमकं कोण कुणाला मारणार होतं, हे सासरे मला अजून विचारतात.

या सिद्धांताला छळणारा माणूस एकच होता. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला सुदाम, ट्रॅक्टर चालवायचा. तो वाऱ्याच्या तोंडावर, थेट बाभळींच्या पल्याड मारायचा. दाजी चडफडायचे आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन त्याचीच वाट बघत येरझाऱ्या घालायचे.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलं. गावाची नि वस्तीची बोलचाल तुटली. येऊ नका असं कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण वस्तीतली माणसं मैदानावर यायची थांबली. दोन-चार रविवार दाजींनी कसेबसे काढले. मग एका सकाळी, गाव बघत असताना, ओढा ओलांडून ते सुदामच्या दारात गेले. मी सोबत होतो.

"चल खेळाया."

"मैदान गावाचं हाय, दाजी. आमी कसं यावं?"

दाजी तसेच माघारी फिरले. त्या रब्बीला त्यांनी ओढ्याकाठचं आपलं रान पेरलंच नाही. फळी फिरवून सपाट केलं, राखेनं गोल रेघ ओढली, तुराट्यांच्या यष्ट्या ठोकल्या. आक्का कडाडली, "लेकरं काय चेंडू खाणार हायती का?" भावकीनं बोलणं टाकलं. दाजींची झोप उडाली, पण रान त्यांनी पेरलं नाही.

पहिल्या रविवारी वस्तीतून सुदाम आणि दोघं आले. गावातून दाजी आणि मी. गावातले आणखी दोघं लांब बांधावर नुसते उभे होते. दाजींनी चेंडू टाकला, सुदामनं तो ओढ्यापार भिरकावला.

"दाजी, वारा कुणीकडचा होता?" मी विचारलं.

"बघायचं राहिलं रे," असं म्हणून ते बांधावरच्या दोघांना हाका मारत निघाले. "या की! माणसं कमी पडायलीत!"

ते दोघं एकमेकांकडं बघून गावाकडं वळले. दाजी मात्र हात वर करून, ते दिसेनासे होईपर्यंत तिथंच उभे राहिले.