नवऱ्यासाठी निवडलेलं पिस्तूल

माझ्या नवऱ्याला कुरुंदवाडच्या रस्त्यावर भरदुपारी लुटलं. त्यांचं गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, सोन्याचांदीचं लहानसं दुकान आहे. मूळ गाव कुरुंदवाड. तिथली जुनी गिऱ्हाइकं अजून आमच्याकडूनच दागिने घडवून घेतात, आणि लग्नसराईत तयार माल पोचवायला ते स्वतः स्कूटरवरून जातात. त्या दिवशी दोन्ही बाजूंना ऊस उभा असलेल्या एका वळणावर मोटरसायकलवरच्या दोघांनी त्यांना अडवलं. एकाच्या हातात कोयता होता. दुसरा गळ्यातली पिशवी ओढायला लागला, पण पिशवीचा पट्टा हेल्मेटखाली अडकलेला. तेव्हा माझा नवरा त्या चोराला म्हणाला, "थांबा, मीच काढतो." हेल्मेट उतरवलं, पट्टा सोडवला आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

पोलिसांना त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं. गाळून काही सांगणं त्यांना जमत नाही. सोबत धीर द्यायला म्हणून गेलेले गुजरीतले दोघे व्यापारी शेजारीच बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते वाक्य सगळ्या गल्लीत पसरलं. कोणी कुणाकडं वही मागितली, चावी मागितली, चहाचा कप मागितला, की समोरचा म्हणायचा, "थांबा, मीच काढतो." माझा नवराही त्यांच्याबरोबर हसायचा. मलाच घरी येऊन सांगायचा, आज अमक्यानं असं म्हटलं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या मानेवरचा पट्ट्याचा वळ बघून रडले होते, हे खरं आहे. माणूस घरी आला, बाकी सगळं गेलं तरी चालेल, असंही मी म्हणाले होते. पण पुढच्या आठवड्यात आमच्या बायकांच्या भिशीत एकीनं दुसरीला डबा देताना तेच वाक्य म्हटलं. मग मी तिथं बसलेय हे ध्यानात येऊन तिनं जीभ चावली. सगळ्याजणी माझ्याकडं बघायला लागल्या. मी हसले. मंगळवार पेठेत घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेले होते. जिन्यात त्यांच्या चपला दिसल्या, आणि मला त्या माणसाची लाज वाटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी वाटली नव्हती.

माझा धाकटा भाऊ बिद्रीकडं असतो, कारखान्याच्या ऊसवाहतुकीचं काम करतो. आवाज मोठा आणि मनात काही ठेवायचं नाही असा त्याचा स्वभाव. तो भेटायला आला आणि बसल्याबसल्या म्हणाला, "दाजी, पिस्तूल घ्या की. सोन्याचा धंदा हाय तुमचा, परवान्याला अडचण न्हाई."

"मला काय करायचंय ते?" हे म्हणाले.

"कंबरेला असू दे नुस्तं. माणूस चालतोय कसा, त्यावरनं कळतंय लोकास्नी."

हे माझ्याकडं बघून हसले. मी त्यांची बाजू घेईन असं त्यांना वाटलं असणार. आम्ही जैन आहोत, आमच्या घरात दिवेलागणीनंतर जेवत नाहीत, आणि हे तर अंघोळीच्या बादलीत मुंगी दिसली तर तिला आधी कागदावर घेऊन खिडकीत सोडणारे. पण मी म्हणाले, "तो बरोबर बोलतोय. घ्यायचंच."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

परवान्याच्या चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा मी सोबत गेले. अधिकाऱ्यानं विचारलं, "हत्यार कशासाठी पाहिजे?" माझ्या नवऱ्यानं जरा विचार केला आणि खरं तेच सांगितलं, "ही म्हणते म्हणून."

अधिकारी हसला. दारातला हवालदारही हसला. "मग बाईंच्याच नावानं करू या की," अधिकारी म्हणाला. मी घाईघाईनं लूटमारीचं सगळं सांगितलं, रस्ता कसा निर्जन आहे, माल कसा जोखमीचा आहे. त्यांच्या वतीनं मीच बोलत राहिले आणि ते भिंतीवरच्या पंख्याच्या बटणांकडं बघत राहिले. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणाले, "तुम्हाला नीट बोलता येत न्हाई काय?" रस्त्यात म्हणाले, चार लोक जात-येत असताना.

बरेच महिने गेले आणि परवाना आला. आम्ही हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदार मुसलमान, पन्नाशीचा, बोलायला गोड. त्यानं काचेवर हिरवं कापड अंथरलं आणि एकेक वस्तू मांडली. रिव्हॉल्व्हर भरवशाचं, पण गोळ्यांच्या चकरीमुळं जाड. सदऱ्याखाली फुगवटा दिसतो. पिस्तूल चपटं, अंगाला चिकटून राहतं. त्यातलं सगळ्यात लहान होतं ते माझ्या नवऱ्याच्या तळहाताएवढं. मी तेच धरून बसले. पण लोकांना दिसावं म्हणून घ्यायचं आणि लपेल असं निवडायचं, यात काही विसंगती आहे हे मला त्या वेळी सुचलंही नाही. मला वाटायचं, आहे हे सगळ्यांना कळावं, पण कुणाला दिसू नये.

शिंप्याकडं कपडे अंगाला लावून बघतात तसं मी त्यांना दुकानात उभं केलं. "वळा बघू. वाका. बसा. हात वर करा." ते वळले, वाकले, बसले. दुसरं एक गिऱ्हाईक, गावाकडचे कोणी पाटील असावेत, बंदूक घ्यायला आलेले, ते बघत होते. "पावणं, तुमास्नी कसं वाटतंय ते सांगा की," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले.

"जड हाय," हे म्हणाले.

"जड कुठलं? लहान लेकराच्या खेळण्याएवढं हाय," मी म्हणाले. पाटील परत आपल्या बंदुकीकडं वळले.

माझ्या नवऱ्यानं त्या दुकानात एकच गोष्ट मागितली. पिस्तूल ठेवायचं कव्हर चामड्याचं होतं. ते दुकानदाराला हळू आवाजात म्हणाले, "चामड्याशिवाय दुसरं काही हाय काय?" दुकानदाराला लगेच समजलं. त्यानं जाड कापडाचं एक कव्हर काढलं. मी ते त्यांच्या कंबरेला लावून बघितलं. सदरा वर उचलल्यासारखा दिसत होता.

"चामड्याचंच द्या," मी म्हणाले. "हे बसतंय नीट."

दुकानदारानं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, चालेल म्हणून.

नेम धरायचा सराव करायला ते ठरवून दिलेल्या ठिकाणी गेले. तिकडून आले ते सरळ न्हाणीघरात. डोक्यावरून अंघोळ केली, कपडे स्वतः पिळले आणि मग चहा मागितला. कसं झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "कान बसले जरा."

मग रोज सकाळी ते कंबरेला बांधून जायला लागले. एकदा दारात थांबून त्यांनी विचारलं, "बस्तीत जाऊन येईपर्यंत कपाटात ठेवलं तर?" आम्ही आमच्या देवळाला बस्ती म्हणतो. दुकानाला जाताना आधी बस्तीत दर्शन घ्यायचं, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. मी पोळ्या करत होते. "तिथनं परत घरी येऊन बांधणार काय तुम्ही? कशाला घेतलं मग?" मी मागं न बघता म्हणाले. ते गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही त्यावर विचार केला नाही.

भावानं बिद्रीत नवं घर बांधलं. वास्तूला सगळे पाहुणे जमले होते. जेवणं झाल्यावर मांडवात पुरुष बसले, बायका सतरंजीच्या कडेला. भाऊ मोठ्यानं म्हणाला, "दाजी, दाखवा की वस्तू एकदा." हे नको म्हणाले. भावानं गमतीनं त्यांच्या सदऱ्याला हात घातला. त्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "राहू दे, गोळ्या भरलेल्या हाईत त्यात."

मागून कोणीतरी म्हणालं, "दाजी म्हणत्यात, थांबा, मीच काढतो."

सगळा मांडव हसला. मीही हसले. मला वाईट वाटत असूनही चारचौघांत बरं दिसावं म्हणून हसले असते, तर एक वेळ ठीक. पण तसं नव्हतं. मला खरंच हसू आलं, तोंडावर पदर धरावा लागला. त्यांनी हसणाऱ्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यापर्यंत आली. मग त्यांनी सदरा नीट केला आणि शेजारच्याला पानाचा डबा पुढं केला. परतीच्या वाटेवर आम्ही पावसाबद्दल आणि भावाच्या घराच्या फरशीबद्दल बोललो.

भाद्रपदात आमचं पर्व असतं. त्या दिवसांत मी रोज बस्तीत जाते. एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. कोपऱ्यावर वळले आणि थांबले. बस्तीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, बंद दुकानाच्या पायरीजवळ माझा नवरा उभा होता. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. हात जोडलेले, डोळे मिटलेले. आतून अभिषेकाचा आवाज येत होता. त्यांच्या आणि बस्तीच्या मधून लोक जात-येत होते, रिक्षा जात होत्या. त्यांनी डोळे उघडले, वाकून रस्त्यालाच नमस्कार केला, चपला घातल्या आणि गुजरीकडं निघाले.

आत गेल्यावर एक म्हातारी श्राविका मला म्हणाली, "मालक बाहेरूनच जातात हल्ली. बरं न्हाई काय त्यांना?" मी म्हणाले, दुकानाची घाई असते. देवासमोर उभी राहून खोटं बोलले. मूर्तीकडं बघायचं धाडस झालं नाही. चामडं कंबरेला, त्याच्या आत ती वस्तू, असं घेऊन ते बस्तीची पायरी चढणार नव्हते, हे मला दारात त्यांनी विचारलं त्याच दिवशी कळायला हवं होतं. ते किती दिवसांपासून रस्त्यावर उभे राहत होते कोण जाणे. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरंच सांगितलं असतं, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. संध्याकाळी मी फक्त म्हणाले, "उद्यापासून कपाटात ठेवून जावा सकाळी." ते म्हणाले, "नको, आता सवय झाली." रागानं नाही, साधं.

पुढं निवडणुका लागल्या. आचारसंहितेत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. यांनी पहिल्याच दिवशी नेऊन दिलं. दुसऱ्या सकाळी ते बस्तीत गेले ते बराच वेळ तिथंच होते. दुकान उशिरा उघडलं. दुपारी जेवायला आले तेव्हा कपाळावर गंध होतं आणि ते दोन पोळ्या जास्त जेवले.

निकाल लागले, मिरवणुका झाल्या, रस्त्यावरचा गुलालही गेला. हे काही पिस्तूल आणायला जाईनात. शेवटी ठाण्यातून फोन आला तो मी घेतला. "बाई, शेठना सांगा, वस्तू घेऊन जावा म्हणून." मी त्यांना निरोप दिला आणि त्यातच म्हणाले, "परत दुकानदारालाच देऊन टाकू या. परवानाही जमा करू."

ते माझ्याकडं बघत राहिले. "चालंल तुला?"

या प्रश्नानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "व्हय, चालंल."

दुकानदारानं काही विचारपूस केली नाही. वस्तू तपासली, सह्या घेतल्या. चामड्याचं कव्हर मात्र तो घेईना, वापरलेलं म्हणून. हे म्हणाले, राहू दे, कुणा गरजूला द्या. बाहेर पडल्यावर आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. स्कूटरला टेकून उभे असताना ते म्हणाले, "मला माहीत होतं, तू किती भ्याली होतीस. मानेवरचा वळ बघून रडली होतीस. म्हणून मी कधी नको म्हटलं न्हाई. म्हटलं, हिचा जीव तरी शांत राहील."

माझ्या हातात रसाचा ग्लास होता. तेव्हाच सांगायला हवं होतं की मी भ्याले नव्हते. भिशीतल्या बायकांसमोर, भावासमोर, गुजरीसमोर मला तुमची लाज वाटत होती, आणि तुम्ही ते सगळं माझ्या प्रेमाच्या नावावर मांडलंत. मी "हं" म्हणाले. त्यांनी माझा रिकामा ग्लास घेतला, विसळून गाड्यावर ठेवला आणि स्कूटर सुरू केली. मी मागं बसले. बसताना त्यांच्या कंबरेला धरायची माझी जुनी सवय. तिथं आता नुसता सदरा होता, घामानं थोडा ओला. मी हात तिथं ठेवला नाही. सीटच्या मागची कडी धरून घरापर्यंत आले.